मेजावरून तलावाकडे : श्री. मुरलीकांत पेटकर यांची क्रीडासाधना

प्रतिवर्षी आपल्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत इतिहासविषयक एक तरी लेख असावा, असा प्रघात आहे. आजवर या पृष्ठांतून ज्ञातीचे मूळ पुरुष, कुलदैवते, जुनी घराणी, गेल्या पिढ्यांतील विद्याव्यासंगी व दानशूर मंडळी यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. यंदा चिटणीसांनी लेखाचा विषय विचारला तेव्हा आम्ही श्री. मुरलीकांत पेटकर यांचे नाव सांगितले. त्यावर त्यांनी स्वाभाविकपणे प्रश्न केला, "ते आपल्या ज्ञातीपैकी आहेत काय?" आम्ही उत्तर दिले की, तो शोध आम्ही घेतलेला नाही आणि घेण्याचा आमचा मानसही नाही. ज्या कारणासाठी हे चरित्र या स्मरणिकेत यावे असे आम्हांस वाटते, ते कारण ज्ञातीच्या वहीत सापडणारे नव्हे. मात्र आपल्या घरांशी त्याचा फार निकटचा संबंध आहे. तो कोणता, हे लेखाच्या अखेरीस सांगू. चिटणीस क्षणभर थांबले व म्हणाले, "लिहा तर मग."

२०२४ च्या जून महिन्यात 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि तरुण पिढीच्या तोंडी हे नाव आले. चित्रपटात रंजनासाठी काही कमीजास्त व्हावयाचेच. आम्हांस येथे नाट्य सांगावयाचे नसून इतिवृत्त सांगावयाचे आहे. आणि ते इतिवृत्त कोणत्याही नाट्यापेक्षा उणे नाही.

जन्मभूमी व पूर्वायुष्य

श्री. मुरलीकांत राजाराम पेटकर यांचा जन्म १ नोव्हेंबर १९४४ रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील, वाळवे तालुक्यातील पेठ या गावी झाला. कृष्णा-वारणेच्या दोआबातील हा मुलूख तालमींचा आणि लाल मातीचा. गावोगाव आखाडा, जत्रेत कुस्त्यांचा फड आणि जिंकलेल्या मल्लास फेटा, ही येथील जुनी रीत. येथून उत्तरेस कऱ्हाड फार दूर नाही आणि कऱ्हाडजवळच गोळेश्वर हे कै. खाशाबा जाधव यांचे गाव. १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिक सामन्यांत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारतास पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक खाशाबांनी आणून दिले, तेव्हा मुरलीकांत अवघे सात वर्षांचे होते. ज्या मातीने पहिले वैयक्तिक पदक दिले, तिच्याच परिसरातून पुढे वीस वर्षांनी आणखी एक 'पहिले' निघावयाचे होते. पण ते त्या वेळी कोणास ठाऊक असणार?

तरुण वयात मुरलीकांत सैन्यात गेले. विद्युत व यांत्रिकी अभियांत्रिकी दलात, ज्यास सर्वत्र ई. एम. ई. म्हणतात, ते क्राफ्ट्समन होते. सैन्यात त्यांनी मुष्टियुद्धाचा अभ्यास केला व त्यात नाव मिळविले. मुष्टियुद्धात केवळ ठोसे लगावून भागत नाही, हे जाणकार जाणतात. पायांची चपळाई, श्वासावरील ताबा, खांद्यांतील जोर आणि समोरच्याची पुढची हालचाल डोळ्यांत वाचण्याची कला, एवढे सर्व त्यात लागते. या चौघांपैकी पहिले धन त्यांच्याजवळून लौकरच हिरावले जाणार होते. उरलेली तीन मात्र जन्मभर कामास आली.

युद्ध आणि रुग्णशय्या

१९६५ साली भारत व पाकिस्तान यांच्यात युद्ध पेटले. त्या युद्धात मुरलीकांत यांस गोळ्यांनी गंभीर जखमा झाल्या. पाठीच्या कण्यास इजा पोहोचली आणि दोन्ही पाय निकामी झाले. त्या समयी त्यांच्या वयास एकवीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पुढील उपचारांसाठी त्यांस मुंबईस नौदलाच्या 'अश्विनी' रुग्णालयात ठेवण्यात आले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. एकवीस वर्षांच्या आतला, खेड्यातून आलेला, शरीर हेच ज्याचे भांडवल, असा एक मुष्टियोद्धा खाटेवर पडून आहे. पायांना हात लावला तर ते दुसऱ्या कोणाचे असावेत असे वाटते. भेटावयास येणारा प्रत्येक जण डोळ्यांत पाणी आणतो आणि "नशीब!" एवढाच शब्द उच्चारून जातो. आपल्या समाजात अशा प्रसंगी सांत्वनाची जी भाषा आहे, तीत करुणा विपुल आहे, पण उद्याचा दिवस नाही.

उद्याचा दिवस मिळाला तो उपचारांच्या वाटेने. अंगात बळ यावे, सांधे आखडू नयेत, म्हणून त्यांस पाण्यात उतरण्याचा सल्ला देण्यात आला. पाण्यात देहाचा भार हलका होतो. जमिनीवर जे अवयव ओझे वाटतात ते तेथे तरंगू लागतात. व्यायाम म्हणून सुरू झालेले हे पोहणे पुढे त्यांचे क्षेत्र ठरले. पण तो पल्ला अजून दूर होता. मधल्या काळाचे महत्त्व कळण्यासाठी आपणांस थोडे मागे जाऊन इंग्लंडातील एका रुग्णालयाकडे वळले पाहिजे.

स्टोक मँडेव्हिलचा धडा

कण्याच्या आत जी मज्जारज्जू असते, तिच्या वाटे मेंदूचे हुकूम अवयवांस पोहोचतात. ती तुटली की खालचे अवयव असून नसल्यासारखे होतात. दुसऱ्या महायुद्धापर्यंत अशा रुग्णांविषयी वैद्यांची निराशाच असे. एका कुशीवर पडून पडून शय्याव्रण होत, मूत्रमार्गात दोष शिरे आणि रुग्ण थोड्याच काळात दगावे. जो जगे, तो खाटेवरच जगे.

फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडातील स्टोक मँडेव्हिल येथे अशा सैनिकांसाठी स्वतंत्र विभाग उघडण्यात आला व त्याची सूत्रे डॉ. लुडविग गुटमान यांच्या हाती देण्यात आली. हे मूळचे जर्मनीतील ज्यू मज्जाविकारतज्ज्ञ. हिटलरच्या राजवटीत तेथे राहणे अशक्य झाल्यामुळे १९३९ साली त्यांनी कुटुंबासह इंग्लंडचा आश्रय घेतला होता. रुग्णांस ठरावीक वेळाने कूस पालटून देणे, जखमा होऊ न देणे, एवढ्यावर ते थांबले नाहीत. या तरुणांस काम पाहिजे, ईर्षा पाहिजे, हरण्याजिंकण्याचे निमित्त पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून त्यांनी खेळ हाच औषधोपचार केला.

२९ जुलै १९४८ रोजी लंडन येथे ऑलिंपिक सामन्यांचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्चीत बसलेल्या १६ जणांनी, त्यांत दोन स्त्रिया होत्या, धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. एवढ्याशा बीजापासून पुढे वृक्ष वाढला. १९६० साली रोम येथे २३ देशांच्या सुमारे ४०० खेळाडूंनी भाग घेतला आणि त्या सामन्यांस आज पहिले पॅरालिंपिक मानतात. १९६४ साली ते तोक्योस झाले.

एक योगायोग सांगावासा वाटतो. ज्या वर्षी डॉ. गुटमान यांनी आपला विभाग उघडला, त्याच वर्षी पेठ गावी मुरलीकांत जन्मास आले. हजारो कोस दूर लावलेल्या दिव्याचा उजेड कोणाच्या वाटेवर पडेल, हे दिवा लावणाऱ्यास ठाऊक नसते.

तेल अवीव्ह : पहिली परीक्षा

१९६८ चे ऑलिंपिक सामने मेक्सिको येथे झाले. परंतु अपंग खेळाडूंचे सामने भरविण्यास मेक्सिकोने असमर्थता दर्शविली. तेव्हा इस्राएल देश पुढे आला आणि नोव्हेंबर १९६८ मध्ये तेल अवीव्हजवळ ते सामने भरले. या सामन्यांत भारताने प्रथमच आपले पथक पाठविले. पथक दहा जणांचे, आठ पुरुष व दोन स्त्रिया. त्या दहांत मुरलीकांत पेटकर होते आणि त्यांचा खेळ होता टेबल टेनिस.

प्रख्यात क्रिकेटपटू कै. विजय मर्चंट हे अपंगांच्या पुनर्वसनासाठी झटत असत. परदेशी सामन्यांस जाण्यासाठी जो खर्च येई, त्याच्या उभारणीत त्यांचे साहाय्य मुरलीकांत यांस झाले. एका खेळातील श्रेष्ठाने दुसऱ्या खेळातील उपेक्षितास असा हात द्यावा, ही गोष्ट आमच्या मते एखाद्या शतकाहून उणी नव्हे.

खुर्चीत बसून टेबल टेनिस खेळणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले नाही त्यास त्याची कल्पना येणार नाही. धडधाकट खेळाडू चेंडूकडे पायांनी जातो आणि हात शेवटचे काम करतो. खुर्चीतील खेळाडूस ती सोय नाही. चेंडू उजवीकडे दूर गेला, तर कमरेतून झुकावे लागते. आणि जेथे कमरेचाच भरवसा नाही, तेथे मोकळ्या हाताने खुर्ची धरून तोल सांभाळावा लागतो. म्हणून चेंडू कोठे येणार हे तो येण्यापूर्वीच ओळखणे, ही त्याची खरी धाव. मुष्टियुद्धात समोरच्याचा खांदा पाहून ठोसा ओळखण्याची जी सवय जडली होती, ती येथे उपयोगी पडली असावी, असे आमचे अनुमान आहे.

मुरलीकांत यांनी पहिली फेरी जिंकली. पदक मिळाले नाही. त्या वर्षी भारतीय पथकापैकी कोणासच मिळाले नाही. परंतु तीन वर्षांपूर्वी जो तरुण रुग्णशय्येवर निश्चेष्ट पडला होता, तो परदेशी मैदानात भारताचे नाव छातीवर घेऊन खेळला आणि एक सामना जिंकून परतला. परतल्यावर त्याने काय केले, हे त्याहून महत्त्वाचे आहे. त्याने आपल्या सामर्थ्याची झडती घेतली आणि पाण्यात उतरण्याचा निश्चय केला. १९७० साली एडिंबरो येथील राष्ट्रकुल पॅराप्लेजिक सामन्यांत ५० मीटर मुक्त शैलीच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळविले, तेव्हा निवड योग्य होती हे दिसून आले.

हायडेलबर्ग : ३७.३३ सेकंद

१९७२ चे ऑलिंपिक सामने पश्चिम जर्मनीतील म्यूनिक येथे ठरले होते. खेळाडूंसाठी बांधलेली घरे सामने संपताच खासगी निवासासाठी द्यावयाची असल्यामुळे अपंगांचे सामने तेथे होऊ शकले नाहीत. ते हायडेलबर्ग या जुन्या विद्यापीठाच्या नगरीत, ऑलिंपिकच्या आधी, २ ते ११ ऑगस्ट या काळात झाले. ज्या देशातून डॉ. गुटमान यांस परागंदा व्हावे लागले होते, त्याच देशात त्यांनी रोविलेल्या रोपट्याचा हा उत्सव भरला होता, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

मुरलीकांत या सामन्यांत एकाच खेळासाठी आले नव्हते. भालाफेक, नेमक्या लक्ष्यावर भाला टाकण्याची स्पर्धा आणि स्लॅलम, म्हणजे चाकांच्या खुर्चीतून अडथळे ओलांडीत जाण्याची शर्यत, यांतही ते उतरले व अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. पण ज्यासाठी त्यांचे नाव इतिहासात राहिले, ती होती ५० मीटर मुक्त शैलीची जलतरण शर्यत.

ही शर्यत ऑलिंपिक मापाच्या तलावाची एकच लांबी असते. वळणे नाही, मध्ये विसावा नाही. मुक्त शैलीत सामान्य पोहणारा पायांचे फटकारे मारून कमर पाण्याच्या पातळीवर ठेवतो. हातांनी पाणी ओढतो आणि कमरेच्या वळणाने एका हाताचे बळ दुसऱ्या हातास पोहोचवितो. ज्याचे पाय चालत नाहीत, त्याचा खालचा देह पाण्यात खाली जाऊ पाहतो आणि नांगरासारखा मागे ओढतो. तेव्हा पुढे जाण्याचे काम तर हातांचेच, आणि मागचे ओझे वर धरण्याचे कामही हातांचेच. मान किती उचलावी, श्वास कितव्या हातास घ्यावा, यांत अणुमात्र चूक झाली की खालचा भाग बुडू लागतो आणि क्षण हातचे जातात.

मुरलीकांत यांनी ते अंतर ३७.३३ सेकंदांत तोडले. दर सेकंदास सव्वा मीटरहून अधिक वेग, तोही केवळ दोन बाहूंच्या बळावर! त्यांच्या वर्गातील तो जागतिक उच्चांक ठरला आणि सुवर्णपदक भारताच्या नावे लागले. पॅरालिंपिक सामन्यांत भारतास मिळालेले हे पहिले सुवर्णपदक. त्या वेळी त्यांचे वय २७ वर्षांचे होते.

या यशाची थोरवी आकड्यांनी मोजावयाची तर असे पाहावे. त्याच महिन्याच्या अखेरीस सुरू झालेल्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये भारताच्या पदरी एकच पदक पडले, ते हॉकीतील कांस्य. ऑलिंपिकमध्ये भारतीयास वैयक्तिक सुवर्ण मिळावयास २००८ साल उजाडावे लागले. ते बीजिंग येथे श्री. अभिनव बिंद्रा यांनी नेमबाजीत मिळविले. पॅरालिंपिकमध्ये दुसरे सुवर्ण श्री. देवेंद्र झाझडिया यांनी भालाफेकीत २००४ साली अथेन्स येथे मिळविले. म्हणजे बत्तीस वर्षे मुरलीकांत यांचे पदक त्या वाटेवर एकटेच उभे होते.

दोन खेळांचे मर्म

अनेकांस वाटते, टेबल टेनिस सोडून पोहण्याकडे वळणे ही धरसोड होय. आमचे मत अगदी उलट आहे. धडधाकट माणूस खेळ बदलतो तो बहुधा हौसेने. परंतु ज्याच्या देहाचा अर्धा भाग काळाने काढून घेतला आहे, त्यास आपला देह नव्याने शिकावा लागतो. मुष्टियुद्धाने त्यास एक देह ओळखीचा करून दिला होता. तो युद्धात गेला. टेबल टेनिसने दुसरा देह, बसलेला, ओळखीचा झाला. पाण्याने तिसरा दिला, ज्यास खुर्चीही लागत नव्हती. प्रत्येक वेळी त्यांनी 'काय गेले' याचा हिशेब मिटवून 'काय उरले' याचा हिशेब मांडला. जुन्या काळच्या दुकानदाराने दुकान जळाल्यावर राखेत बसून न राहता शिल्लक माल मोजावा, तशीच ही वृत्ती.

मात्र एक गोष्ट विसरता कामा नये, आणि चरित्रकार ती बहुधा विसरतात. 'जिद्द' या एका शब्दात अशा पुरुषांचे सर्व चरित्र कोंबण्याची आपणांस सवय आहे. जिद्द होतीच. पण त्यांस रुग्णालय मिळाले, पाण्यात उतरविणारे कोणी मिळाले, तलाव मिळाला, प्रवासाचा खर्च उभा करणारे हात मिळाले, स्पर्धा भरविणारी परंपरा मिळाली. सैनिक होते म्हणून यांपैकी पुष्कळ गोष्टी त्यांच्यापर्यंत पोहोचल्या. तेच दुखणे एखाद्या शेतमजुराच्या किंवा शिंप्याच्या मुलास आले असते, तर जिद्द तीच असूनही तो माजघराच्या कोपऱ्यापलीकडे गेला असता काय? दार बाहेरून कोणी उघडल्यावाचून आतल्याची जिद्द बाहेर दिसत नाही.

सेहेचाळीस वर्षांची वाट

सुवर्णपदकानंतर श्री. पेटकर पुण्यास आले आणि त्यांनी टेल्को कंपनीत नोकरी केली. संसार केला, निवृत्त झाले. त्यांचे पदक घरात होते; देशाच्या स्मरणात ते नव्हते. अर्जुन पुरस्कारासाठी १९८२ च्या सुमारास केलेली मागणी मान्य झाली नाही, हे त्यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. खेळाडूची उमेद असते ती विशी-पंचविशीत. तेव्हा दिलेली शाबासकी त्यास आणखी पुढे नेते. ती वेळ निघून गेली.

२०१८ साली भारत सरकारने त्यांस पद्मश्री दिली. हायडेलबर्गच्या विजयास तेव्हा ४६ वर्षे होऊन गेली होती आणि त्यांचे वय ७३ होते. पुढे अर्जुन पुरस्कारांत जीवनगौरवाचा मान त्यांस जाहीर झाला व १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती श्रीमती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते तो प्रदान करण्यात आला. तेव्हा ते ८० वर्षांचे होते. उशीर झाला खरा. परंतु सन्मान त्यांच्या हयातीत झाला, हेही थोडे नव्हे. खाशाबा जाधवांस अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या निधनानंतर, हे आठवले म्हणजे याचे मोल कळते.

मधल्या काळात जग बदलले. १९९५ साली अपंगांच्या हक्कांचा पहिला मोठा कायदा झाला. त्यात सात प्रकारचे अपंगत्व मानले होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस प्रकारांवर नेले, सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आणि उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखून ठेवल्या. १९६८ साली दहा जणांचे पथक रिकाम्या हातांनी परतले होते. २०२४ साली पॅरिस येथे भारताने सात सुवर्णांसह २९ पदके मिळविली. त्यांतील एक रौप्यपदक गोळाफेकीत श्री. सचिन खिलारी यांनी १६.३२ मीटर गोळा फेकून पटकाविले. ते आटपाडी तालुक्यातील करगणीचे, म्हणजे पेठ गाव ज्या सांगली जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्याचे सुपुत्र. वाट पाडणारा एकटा असतो. वाट पडली की मागून येणाऱ्यांची पावले मोजावी लागत नाहीत.

आपल्या वहीतील एक नोंद

आता लेखाच्या आरंभी राखून ठेवलेली गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्या संस्थेने कुटुंबनोंदणीचे काम हाती घेतले, तेव्हा आम्हीही वही घेऊन घरोघर फिरलो. एका घरी यजमानांनी मोठ्या अगत्याने चहा दिला, वडिलोपार्जित माहिती सांगितली. "अपत्ये किती?" असे विचारता ते म्हणाले, "दोन." आम्ही दोन लिहिले. निघताना आतल्या खोलीचे दार वाऱ्याने उघडले. खाटेवर दहा-बारा वर्षांचा एक मुलगा बसला होता. त्याचे पाय बारीक होते, डोळे तल्लख होते आणि हातात जुन्या वर्तमानपत्राचे क्रीडापृष्ठ होते. त्याने आम्हांस नमस्कार केला. यजमानांनी दार ओढून घेतले व खालच्या आवाजात म्हणाले, "मोठीच्या लग्नाचं बघायचंय ना, म्हणून."

आम्ही काहीच बोललो नाही. वहीतील 'दोन' हा आकडाही बदलला नाही. त्या गृहस्थांस दोष द्यावा, तर तो आम्हांसही लागतो. कारण त्यांनी जे लपविले ते आमच्याच भयाने. वधूवर सूचीत "घराण्यात व्यंग नाही ना?" हा प्रश्न आपणच विचारतो. गुणवंतांच्या सत्कारात आपण गुणपत्रिका पाहतो. शाळेपर्यंत जो पोहोचूच शकला नाही, त्याची गुणपत्रिका कोठून येणार? आणि आपल्या सभागृहास रस्त्यापासून सात पायऱ्या आहेत. त्यांच्या बाजूस चाकाची खुर्ची चढेल असा उतार नाही. इतकी वर्षे संमेलने झाली, पण त्या उताराची उणीव कोणास भासली नाही. कारण ज्यांस ती भासली असती, ते कधी आलेच नाहीत.

श्री. पेटकर आपल्या ज्ञातीचे आहेत की नाहीत, हा प्रश्न आम्ही का विचारला नाही, ते आता वाचकांच्या ध्यानी आले असेल. परक्याच्या पदकावर आपला शिक्का मारून अभिमान मिरविणे सोपे आहे. आपल्याच घरातील जो आपण मोजलेला नाही, त्यास मोजणे कठीण आहे. पदक मिळो वा न मिळो, तो मोजला गेला पाहिजे. प्रत्येक मूल ३७ सेकंदांत तलाव ओलांडणार नाही आणि तशी अटही कोणी घालू नये. तथापि, त्यास उन्हात बसता यावे, शाळेत जाता यावे, मेजाच्या दुसऱ्या टोकास कोणीतरी बॅट घेऊन उभे राहावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

कार्यकारी मंडळापुढे आम्ही तीन विनंत्या ठेवल्या आहेत. पहिली, कुटुंबनोंदणी पुन्हा व्हावी व तीत प्रत्येक अपत्याचे नाव यावे. दुसरी, शिष्यवृत्ती निधीपैकी काही भाग दिव्यांग मुलामुलींच्या शिक्षणासाठी व खेळासाठी वेगळा राखावा. गुणांची अट न घालता. तिसरी, पुढील वार्षिक संमेलनापूर्वी सभागृहाच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधला जावा. तिसऱ्या कामासाठी आमचा अल्पसा हिस्सा आम्ही कोषाध्यक्षांकडे जमा केला आहे. ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी आपापला हातभार लावावा, ही नम्र प्रार्थना.

आणि त्या घरी आम्ही पुन्हा जाणार आहोत, वही घेऊन. आकडा आमच्याच हाताने चुकला होता. तो आमच्याच हाताने सुधारावयाचा आहे.